वन्सं, डोकं मागे करा

त्या वसंतात मेरिमनं दुसऱ्यांदा परक्याची गाय घरी आणली.

संध्याकाळी गुरं डोंगरावरून उतरली की प्रत्येक घरातलं एक पोर वेशीवर जातं आणि आपली गाय ओळखून हाकत आणतं. आमची गाय काळी, कपाळावर पांढरा ठिपका. मेरिमनं आणली ती तांबडी. मागोमाग शेजारची ऐनाश दारात आली.

"काकेनबाई, तुमच्या लेकीनं परत आमची गाय पळवली. आता तरी गोठ्याला कुलूप घालू का?"

"गाय शहाणी आहे," आजी ओसरीवरूनच म्हणाली. "कुठं पोटभर मिळतं ते तिला कळतं. उपाशी ठेवतेस, म्हणून येते."

दोघी हसल्या. मेरिमही हसली. माझी आई रिकामी बादली घेऊन गोठ्याशी उभी होती. ती हसली नाही. काळी गाय आणि तांबडी गाय, दहा पावलांवरून वेगळी कळायला हवी. ती बराच वेळ मेरिमकडे बघत राहिली. मग आपली गाय आणायला स्वतः वेशीकडे निघाली. बोलली काहीच नाही. बोलायचा हक्क आजीचा होता. मेरिम नात्यानं आईची नणंद लागायची.

जन्मानं ती आईची पहिली मुलगी होती.

आमच्या आत-बाशीच्या खोऱ्यात पहिलं मूल आजी-आजोबांचं. ते मागून घ्यावं लागत नाही. मेरिमचं दूध तुटलं त्या दिवशी आजीनं तिला उचलून आपल्या अंथरुणात नेलं. आईनं छातीला घट्ट फडकं बांधलं आणि पाहुण्यांसाठी बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळायला बसली, कारण तो घरात आनंदाचा दिवस होता. मेरिम बोलायला लागली तेव्हा आजीला आई म्हणाली, माझ्या वडिलांना दादा, आणि आईला वहिनी. तिच्या जन्माच्या दाखल्यावरही आईच्या जागी आजीचंच नाव लागलं. तीन वर्षांनी मी झाले, आणि मी मात्र आईकडेच राहिले.

आमच्याकडे सुना सासरच्या माणसांची नावं घेत नाहीत. सासऱ्याचं नाही, दिराचं नाही, नणंदेचंही नाही. त्यामुळे मेरिमचं नाव माझ्या आईनं घेतलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. ती तिला वन्सं म्हणायची. सहा वर्षांच्या, नाक गळणाऱ्या मुलीला, "वन्सं, चहा घ्या." "वन्सं, बाहेर गारठा आहे." यापलीकडचं काही सांगायचं असलं तर ती मला सांगायची. "बेगाय, टोपी घाल!" टोपी माझ्या डोक्यावर असायचीच. "बेगाय, साखर चोखत झोपलीस तर दात किडतील." साखर मेरिमच्या गालात असायची. दोन मुलींच्या वाट्याचं बोलणं मी एकटीनं खाल्लं. एकदा चिडून म्हणाले, "मी काय केलंय पण?" आई म्हणाली, "काही नाही. तू जवळ आहेस म्हणून."

आईचं नाव अनारकुल. उंच, सावकाश चालणारी, डोक्याला कायम पांढरा रुमाल. सकाळी आजीसमोर वाकून नमस्कार करायची, समोवार पेटवायची, दाराजवळच्या जागेवर बसून सगळ्यांना अर्धा-अर्धा वाडगा चहा ओतायची. वडील वरच्या खाणीत पाळीनं जायचे, पंधरा दिवस तिकडे, पंधरा दिवस घरी. घरी असले की ते आजीचा मुलगा असायचे. मेरिमला कडेवर घ्यायची त्यांनाही चोरी, मोठ्यांसमोर आपलं मूल कुणी कुरवाळत नाही. पण ते बाहेरची हवा खाऊन यायचे. आईला घर, गोठा, विहीर आणि परत घर.

गायीच्या प्रकारानंतर आठवडाभरात शाळेच्या साबिराबाई दुकानाच्या दारात आईला भेटल्या. मी होतेच सोबत.

"अनारकुल, मेरिमला फळा दिसत नाही. शेजारणीच्या वहीतून उतरवते. पहिल्या बाकावर बसवलं, तरी डोळे बारीक करते. नारीन शहरात डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. या वयात हयगय केली की नजर भराभर उतरते."

"आत्याबाईंना सांगा ना," आई म्हणाली.

"सांगितलं. म्हणाल्या, तुमचा फळा पुसून घ्या."

आईनं मान खाली घातली. हसू दाबत होती की दुसरं काही, मला कळलं नाही.

सून सासूशी अशा गोष्टी थेट बोलत नाही. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी आई समोवारशी बोलली. "नारीनला म्हणे चांगला डॉक्टर आलाय. मुलांचे डोळे तपासतो."

आजी मांजराशी बोलली. "ऐकलंस का? कुणाच्या तरी घरात आंधळं पोर आहे म्हणे. आपल्याकडे तर नाही बाई."

"फळा दिसत नाही म्हणतात," आई समोवारला म्हणाली.

आता आजीनं मांजर सोडलं. तिच्या पुढ्यात नमद्याचे तुकडे पसरले होते. लाल आणि तपकिरी लोकर, शिवून गालिचा व्हायची. जवळचं बघायला आजीचे स्वतःचे डोळे केव्हाच निकामी झाले होते. टाके ती बोटांनी घालायची, पण सुईत दोरा ओवायला तिला मेरिम लागायची. "मेरिम, ये गं," तिनं हाक मारली. सगळ्यात बारीक सुई हातात दिली. मेरिमनं सुई नाकाशी धरली, दोऱ्याचं टोक ओठांनी ओलं केलं आणि पहिल्याच झटक्यात ओवला.

"बघितलंस?" आजी म्हणाली. "हिचे डोळे वाईट? हे माझे डोळे आहेत. आणि चष्मा लावून काय करायचंय? चार वर्षांनी पाहुणे बघायला येतील, ते म्हणतील, ही मुलगी आहे की तलाठी?"

मेरिम खुदखुदली. विषय संपला.

रात्रीच्या जेवणाआधी आई अंगणात जाऊन वडिलांशी फोनवर बोलली. "तुम्ही सांगा ना एकदा." पलीकडून वाऱ्याचा आवाज आणि वडिलांचा. मग आई म्हणाली, "हो, तुमची आई आहे. माहीत आहे मला. ... नाही, वाद नाही घालत." फोन ठेवून ती तिथंच उभी राहिली. कुत्रं तिच्या पायांशी येऊन बसलं, तर तिनं त्याला हळूच पायानं बाजूला केलं. तिला त्या वेळी कुणी टेकायला नको होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला पलीकडच्या गावात आजीचा मेव्हणा वारल्याला वर्ष झालं, त्याचं जेवण होतं. आजी पहाटेच गाडीतून गेली, संध्याकाळी येणार होती. तिची गाडी वळणाआड झाली तसं आईनं हात धुतले.

"बेगाय, कपडे बदल. वन्सं, तुम्हीपण."

"कुठं जायचंय?"

"नारीनला. मला बाजार आहे."

भाड्याच्या गाडीत आम्ही दोघी मागे, आई मध्ये. खिंड चढताना मी म्हणाले, "ते बघ, वर याक!" मेरिम म्हणाली, "हो, किती आहेत!" ती दुसऱ्याच बाजूला बघत होती. आईनं ते पाहिलं.

दवाखान्यात एक बाई रजिस्टर घेऊन बसली होती. चष्मा नाकाच्या टोकावर.

"मुलीचा दाखला?"

"घरी राहिला."

"डोळ्यांत औषध घालावं लागेल. आई-वडिलांपैकी कुणी असल्याशिवाय घालत नाहीत. तुम्ही कोण हिच्या?"

आईचा हात माझ्या खांद्यावर होता. तो जड झाला. मेरिम बाकाच्या पलीकडच्या टोकाला पाय हलवत बसली होती. दाखला होता आजीच्या पेटीत, आणि पेटीची किल्ली आजीच्या कमरेला. वहिनी म्हणून उत्तर दिलं असतं तर त्या बाईनं आम्हाला परत पाठवलं असतं, आणि आजी परत कधी दिवसभर बाहेर जाईल ते कुणाला माहीत. आईला विचार करायला वेळ होता कुठे.

"आई," ती म्हणाली.

मेरिमचे पाय हलायचे थांबले.

"मुलीचं नाव?"

रजिस्टरवालीनं वर पाहिलं. "बाई, नाव. स्वतःच्या मुलीचं नाव विसरलात?"

"मेरिम," आई म्हणाली. इतक्या हळू, की ती बाई म्हणाली, "काय?" आणि आईला पुन्हा म्हणावं लागलं. "मेरिम."

रांगेतल्या सगळ्यांना ते ऐकू गेलं. सासरकडचं कुणी तिथं नव्हतं, तरी आईनं रुमाल कपाळावर पुढे ओढला.

डॉक्टर तरुण होता, घाईत होता. म्हणाला, मुलीला जवळचं छान दिसतं, लांबचं धूसर. किती, ते नक्की कळायला डोळ्यांची बाहुली सैल करावी लागेल. आज एक थेंब इथं घालतो, मग तीन दिवस सकाळ-संध्याकाळ घरी घाला, चौथ्या दिवशी परत आणा. औषधानं आठ-दहा दिवस उलटं होईल, जवळचं दिसणार नाही, घाबरू नका. आई प्रत्येक वाक्याला हो म्हणत होती. नंतर कितीदा तरी तिनं मला सांगितलं, डॉक्टरचं ते शेवटचं वाक्य मी ऐकलंच नाही. तिच्या कानात नावच वाजत होतं.

परतीच्या वाटेवर मेरिम खिडकीशी बसली. खिंडीत पोचल्यावर तिनं विचारलं, "वहिनी, तू तिथं तसं का म्हणालीस?"

"गाडी लागेल वन्सं, समोर बघा," आई म्हणाली.

आजी आमच्याआधी घरी पोचली होती. आईनं बाजाराचं निमित्त सांगितलं, पिशवीतून कांदे काढून दाखवले. आजीला संशय आला नाही. ती जेवणातल्या बातम्यांनी भरलेली होती. बोलता बोलता नमदा पुढ्यात ओढला. "मेरिम, ओव गं."

मेरिमनं सुई नाकाशी धरली. मग लांब. मग परत नाकाशी. दोरा सुईच्या बाजूनं गेला. पुन्हा गेला. "दिसत नाही आई," ती म्हणाली, आणि तिचा आवाज चिरकला. "दोन-दोन दिसतायत."

आजीनं तिची हनुवटी धरून दिव्याकडे वळवली. मेरिमच्या डोळ्यांत काळं सोडून काही उरलं नव्हतं, नुसत्या मोठ्या काळ्या बाहुल्या.

"काय केलंस हिला?" आजी ओरडली ती थेट आईकडे बघून. मांजर नाही, समोवार नाही. "आंधळी केलीस! माझी पोर आंधळी केलीस!"

ऐनाश भिंतीपलीकडून धावत आली. आई सांगत होती, औषध आहे, उतरतं, पण कधी उतरतं ते तिला आठवत नव्हतं, आणि ती घाबरली आहे हे सगळ्यांना दिसत होतं. शेवटी मीच डॉक्टरचं बोलणं सांगितलं. आठ-दहा दिवस. मी ऐकलं होतं. आजी माझ्याकडे बघून खाली बसली.

"डॉक्टरनं असंच घातलं औषध? मला न विचारता?"

तेव्हा मेरिम म्हणाली, "वहिनीनं सांगितलं, मी आई आहे म्हणून. माझं नाव पण घेतलं."

ती चहाडी करत नव्हती. तिला वाटलं असावं, कुणीतरी यावर काहीतरी बोलेल. ऐनाशनं दाराकडे पाहिलं आणि "माझं दूध उतू जाईल" म्हणत निघून गेली. आजीनं नमद्याची गुंडाळी केली. सुई त्यात टोचली. बाकी काही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई गोठ्यात नुकत्या झालेल्या कोकराला पुसत होती. मी गवताच्या भाऱ्यामागे होते. आजी आत आली. आई उठून वाकली.

"बस," आजी म्हणाली, आणि स्वतः उलट्या बादलीवर बसली. "म्हातारा गेला तेव्हा ही चार वर्षांची होती. चाळीस दिवस हिच्या पाठीला पाठ लावून झोपले, म्हणून जिवंत आहे. तुला माहीत आहे ते."

"आहे, आत्याबाई."

"तुला दुसरी आहे. हवी तर तिसरी होईल. मला आता कोण होणार आहे?"

आईनं कोकराचे कान पुसले.

"डोळे खराब असतील हिचे," आजी म्हणाली. "असतील. मी म्हातारी आहे, मला काय कळतं. चौथ्या दिवशी मी स्वतः नेते. दाखला घेऊन नेते. चष्मा करते, सगळं करते. पण तू तिला सांग. दवाखान्यात खोटं बोलले म्हणून सांग."

कोकरू उभं राहायला बघत होतं आणि पुढच्या गुडघ्यांवर पडत होतं.

"आणि नाही सांगितलं तर?" आई म्हणाली. आयुष्यात तिनं आजीला विचारलेला असा प्रश्न मला तरी हा एकच आठवतो.

आजी रागावली नाही. "तर मग माझी पोर, माझा दाखला. मी कुठंही नेणार नाही," ती म्हणाली. मग बादलीवरून उठताना, "असं करायला लावू नकोस मला, अनारकुल."

औषधाची बाटली आईच्या खिशात होती. आजीनं ती मागितली नाही. आजीला थेंब घालता येणार नव्हता, जवळचं दिसायचं नाही. म्हणून ते तीन दिवस, सकाळ-संध्याकाळ, मेरिमला आईच्या मांडीवर डोकं ठेवावं लागलं. "वन्सं, डोकं मागे करा." आई डाव्या हाताच्या दोन बोटांनी तिची पापणी उघडी धरायची. एक थेंब. मग ती म्हणायची, मिटा, आणि डोळ्याच्या कोपऱ्यावर बोट दाबून धरायची, कारण डॉक्टरनं तसं सांगितलं होतं. किती वेळ ते सांगितलं नव्हतं. आई बराच वेळ धरायची.

पहिल्या दिवशी आईनं ते सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. आजी रोज संध्याकाळी आईच्या चेहऱ्याकडे बघायची आणि पेटीची किल्ली कमरेला खोचायची.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, शेवटच्या थेंबाच्या वेळी, मी शेजारी वही घेऊन बसले होते. उजव्या डोळ्यात थेंब पडला. मेरिमनं डोळे मिटले. आईनं कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"वन्सं, दवाखान्यात मी खोटं बोलले."

मेरिम हलली नाही.

"आई-वडील नसले की आत घेत नाहीत. म्हणून म्हटलं तसं. मनावर घेऊ नका."

मेरिमच्या मिटल्या डोळ्यातून औषध वाहून कानापर्यंत गेलं. औषधच असावं. आईनं ते रुमालाच्या टोकानं टिपलं. चुलीवर दूध वर आलं, मी उठून उतरवलं. परत आले तेव्हाही त्या तशाच होत्या.

"वहिनी," मेरिम म्हणाली, "दुसरा डोळा राहिलाय."

चौथ्या दिवशी आजीनं मखमली कोट घातला, चांदीची कर्णफुलं घातली, दाखला छातीशी खोचला आणि मेरिमला घेऊन नारीनला गेली. रजिस्टरवालीनं विचारलं, त्या दिवशी आलेली कोण होती मग? "ती? ती सून माझी," आजी म्हणाली. "घाबरट आहे. घाबरली की काहीही बोलते." हे मला मेरिमनं सांगितलं. आजीची नक्कल करून, कंबरेवर हात ठेवून सांगितलं, आणि आम्ही दोघी हसलो. आई पीठ मळत होती. तिच्या कानावर गेलं असणार.

आठवड्यानं चष्मा आला. तपकिरी काड्यांचा. मेरिम अंगणात उभी राहून सगळं मोठ्यानं वाचत सुटली, दुकानाची पाटी, गाडीचा नंबर, डोंगरावर किती मेंढ्या. आजीनं गावभर सांगितलं की तिनं पोरीचे डोळे वेळेत वाचवले. "आईचं लक्ष असावं लागतं," ती पाहुण्यांना सांगायची. आई दाराजवळ बसून चहा ओतायची. एकदा एका पाहुणीनं तिला विचारलं, "तुझी नणंद आता मास्तरीण दिसते, नाही?" आई म्हणाली, "दिसते."

दर सहा महिन्यांनी तपासणी असायची. आजी न्यायची. आई वाटेसाठी बोरसोक बांधून द्यायची आणि फाटकापर्यंत जायची. परत आल्यावर ती मला बाजूला घ्यायची. "कागदावर काय लिहिलंय बघ." मी वाचायचे, उजवा इतका, डावा इतका. ती ओठ हलवून पाठ करायची. दुसरं कुणाचं काहीच तिला आकड्यांत पाठ नव्हतं.

आजी गेल्या वर्षी हिवाळ्यात गेली. मेरिम राजधानीहून, बिश्केकहून आली, लेकींच्या ओळीत बसून रडली, तिचा हक्क होता तो. आई सुनांच्या ओळीत बसली. चाळीसावा दिवस झाल्यावर भांडी घासताना मी आईला म्हणाले, "आता सांग तिला. आता कोण आहे अडवायला?"

"काय सांगू?"

"खरं ते."

आईनं कढई पालथी घातली. "तिला मी एकदा आई म्हणून सांगितलं. मग म्हटलं ते खोटं होतं. आता म्हणू की ते खोटं होतं तेच खोटं होतं?" तिनं हात पुसले. "गावात कोण नाही जाणत? तीही जाणत असेल. पण माझ्या तोंडचं तिला काय खरं वाटणार बेगाय? मीच माझं पुसलं. आत्याबाईंनी नुसतं सांगितलं होतं."

तेवढ्यात मेरिम दारात आली. तिला संध्याकाळची गाडी पकडायची होती. "वहिनी, निघते गं."

आई उठली. "वन्सं, थांबा, बोरसोक बांधते," ती म्हणाली. मग गाठ मारता मारता, खाली बघूनच, "आता नंबर किती आहे?"

"तेवढाच आहे. वाढला नाही."

"बरं," आई म्हणाली, आणि पुडकं तिच्या हातात देऊन फाटकापर्यंत गेली.